प्रदेशाचा इतिहास आणि सातारा-सांगलीचा विद्यार्थी



इ.स. १८१८ मध्ये मराठेशाहीचा अस्त झाला आणि साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंह महाराजांजवळ इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून जेम्स ग्रँट हा स्कॉटिश कॅप्टन येऊन राहिला. वयाची तिशीही त्याने गाठली नव्हती. कारभार पाहता पाहता त्याने बखरी, सनदा, वंशावळी जमविल्या आणि १८२६ साली लंडनमध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला. हाच तो ग्रँट डफ. परक्या प्रदेशाच्या इतिहासाला आज विद्यापीठांत स्वतंत्र विद्याशाखेचे स्थान आहे. त्या उद्योगाचा एक आरंभ साताऱ्याच्या कचेरीत झाला, हे सातारकरांच्या सहसा ध्यानात येत नाही.

डफच्या ग्रंथातील उणिवा १८६८ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी दाखविल्या. परंतु टीकेने इतिहास लिहून होत नाही. त्याला साधने लागतात. ती उभी केली याच दोन जिल्ह्यांनी. राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तो वाईस मिळालेल्या पत्रांच्या आधारे. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांचे दप्तर उपसून ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंडामागून खंड काढले. दिवसा वर्ग, उरलेल्या वेळी मोडी कागद! साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी मेणवलीचे नाना फडणविसांचे दप्तर मिळविले, चित्रे जमविली, ऐतिहासिक संग्रहालय उभारले. तो संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. साताऱ्याच्या अभ्यासकाला साताऱ्याच्याच कागदांसाठी पुणे गाठावे लागते, ते तेव्हापासून.

आज सांगलीचे विलिंग्डन किंवा साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय यांतून पदवी घेऊन एखादा विद्यार्थी इतिहासात एम.ए. करू इच्छितो, तेव्हा घरात पहिला प्रश्न नोकरीचा निघतो. तो गैर नाही. त्याचे उत्तर 'नेट' परीक्षा आणि संशोधनवृत्ती यांच्या आसपास शोधावे लागते. खरा प्रश्न मात्र दुसराच आहे, आणि तो कोणी विचारीत नाही. कोणती भाषा येते?

अजिंक्यताऱ्याचेच उदाहरण घ्या. १७०० साली औरंगजेबाने हा गड घेतला आणि त्याचे नाव आझमतारा ठेवले. प्रयागजी प्रभूंनी तो झुंजविला, ही आपली बाजू. वेढ्याची मोगली हकिकत फारसीत आहे. पुढे संस्थानकाळात यावे, तर रंगो बापूजी गुप्ते महाराजांची कैफियत मांडण्यासाठी चौदा वर्षे लंडनमध्ये झगडले. त्या प्रकरणाचे इंग्रजी कागद तिकडच्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. पोर्तुगीज-मराठे संबंधांसाठी गोव्याच्या दप्तरात पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य वेचले. मोडी शाळांतून गेली, फारसी घरांतून गेली; मग केवळ छापील पुस्तकांवरून प्रबंध लिहिले जातात. असे प्रबंध पदवी देतात, इतिहासात भर घालीत नाहीत.

याउलट जपानचे हिरोशी फुकाझावा मराठी शिकले आणि त्यांनी दख्खनच्या शेतकऱ्यांवर व वतनांवर लिहिले. बंगालचे यदुनाथ सरकार आणि सुरेंद्रनाथ सेन मराठी साधने मुळातून वाचत. इंग्रजांनी तर १९१६ साली लंडनमध्ये पौर्वात्य भाषांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्थाच स्थापन केली. जगाने आपला प्रदेश अभ्यासिला. मग मिरजेच्या एखाद्या मुलीने इराणचा किंवा पोर्तुगालचा इतिहास का अभ्यासू नये? दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मध्य आशियाच्या, मुंबई विद्यापीठात आफ्रिकेच्या अभ्यासाची सोय आहे. तिथे मराठी मुले मोजकीच दिसतात, ही खंत रास्त आहे.

शिवाय दोन्ही वाटा वेगळ्या नाहीत. फारसी शिकलेला विद्यार्थी आदिलशाही फर्मान वाचतो, तसाच इस्फहानचा इतिहासही वाचू शकतो. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहाससंशोधक. ताराबाईकालीन कागदपत्रांचे संपादन त्यांनी केले. साताऱ्याहून कोल्हापूर दूर नाही. मात्र एम.ए.च्या पहिल्या वर्षातच मोडी वळणी पाडून घ्यावी आणि जोडीला एक परभाषा धरावी. विषय नंतर ठरविला तरी चालतो. भाषेला दोन-तीन वर्षे लागतातच.