घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

कवितेच्या ओळीत मी यती सांभाळतो. तिथलं थांबणं गोड वाटतं. झोपेत श्वास थांबणं मात्र घातक. घशाची वाट मिटते, १० सेकंद किंवा अधिक श्वास अडतो, मग माणूस दचकून श्वास घेतो. आमच्याकडे घोरणाऱ्याला ‘किती निवांत झोपलाय’ म्हणतात. पण या आजारात रक्तदाब वाढतो, गाडी चालवताना डुलकी लागते. म्हणून आधी झोपेची तपासणी करून घ्या. आजार सौम्य वा मध्यम असेल, तर दंतवैद्य दातांवर बसणारा साचा देऊ शकतात. तो खालचा जबडा पुढे धरतो, वाट मोकळी राहते. कानापुढचा जबड्याचा सांधा दुखत असेल, तर तेही त्यांना सांगा. आणि शेजारी झोपणाऱ्याचं ऐका. आपला अडलेला श्वास त्यालाच ऐकू येतो.