चिठ्ठीचे मोल
(कुटुंबवैद्यांच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या चिठ्ठीवर विश्वासून अलिबाग-मुरूडचा रुग्ण मुंबईची वाट धरतो. त्या चिठ्ठीलाच दर लागला, तर आपल्यापाशी उरते काय?

विंचूदंशावरील संशोधनामुळे जगभर ज्ञात असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना 2013 मध्ये, एमआरआयसाठी रुग्ण पाठविल्याबद्दल, 1,200 रुपयांचा धनादेश आला. त्यांनी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. 2017 मध्ये राज्यात कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही झाला. पुढे तो मागे पडला.

संरक्षण, सन्मान आणि योग्य शुल्क या आपल्या मागण्या रास्तच आहेत. परंतु त्या कायद्याचा आग्रह आपणच प्रथम धरला, तर या मागण्यांमागे समाजही उभा राहील.