गृहिणीचे आयुर्मान आणि आपले कर्तव्य



निसर्गतः स्त्री पुरुषापेक्षा दीर्घायुषी असते. परंतु १९७०-७५ या काळात भारतीय पुरुषाचे सरासरी आयुर्मान ५०.५ वर्षे, तर स्त्रीचे अवघे ४९ वर्षे होते. लागोपाठची बाळंतपणे, रक्तक्षय आणि दुखणे अंगावर काढण्याची सवय यांमुळे ऐन उमेदीत कित्येक स्त्रिया दगावत. १९८१-८५ मध्ये चित्र पालटले. स्त्रीचे आयुर्मान ५५.७, तर पुरुषाचे ५५.४ झाले. पुढे २००५ च्या जननी सुरक्षा योजनेने रुग्णालयातील प्रसूतीस चालना दिली. दर लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ मध्ये २५४ माता मृत्युमुखी पडत. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ९७ वर, महाराष्ट्रात ३३ वर आले.

तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. सर्वांना वाढून उरेल ते खाणारी गृहिणी कोणत्या शासकीय योजनेला दिसणार? दुकानाचा हिशेब आपण दरवर्षी चोख तपासतो. घरातील लेकीसुनांच्या रक्ताची तपासणीही तितक्याच निष्ठेने करावी, ही नम्र विनंती करून आपली रजा घेतो.