ताडी आणि मेंदू

पालघर, बोईसर, तारापूर ह्या पट्ट्यांत ताडाचीं उंच झाडें जागोजाग दिसतात. पहाटे उतरविलेला त्यांचा गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढलें कीं तीच आंबून ताडी होते. मडकें तेंच, पण आंतील साखरेचा मद्यार्क होऊं लागलेला असतो.

मेंदूंत चेतविणारीं व शमविणारीं अशीं दोन्ही प्रकारचीं द्रव्यें असतात. मद्यार्क शमविणाऱ्यांचें बळ वाढवितो. प्रथम विवेक सैल पडून माणूस मोकळा बोलूं लागतो. मग तोल संभाळणारा लहान मेंदू शिथिल होऊन पाय लटपटतात. मात्रा अतोनात झाली तर श्वासाचें केंद्रही मंदावतें.

ताडी 'कडक' व्हावी म्हणून तींत क्लोरल हायड्रेट मिसळण्याचे प्रकार महाराष्ट्रांत वारंवार उघडकीस आले आहेत. १८६९ पासून झोपेचें औषध म्हणून ठाऊक असलेलें हें द्रव्य मद्यार्काच्याच वाटेनें मेंदूस शमवितें. दोहोंची जोडी जीवघेणी ठरते. मिथेनॉलची तऱ्हा निराळी. शरीरांत त्याचें फॉर्मिक आम्ल बनून दृष्टीचा मज्जातंतु निकामी होतो. जून २०१५ मध्यें मुंबईच्या मालवणींत अशा दारूनें शंभरावर माणसें दगावलीं.

तेव्हां, श्रोतेहो, 'ताडी सौम्यच' हें अर्धसत्य होय. धोका नांवावरून नव्हे, तर भांड्यांत काय व किती आहे, ह्यावरून ठरतो. प्यालेला माणूस हांकेनें जागा होत नसेल, तर "सकाळपर्यंत उतरेल" म्हणून निजूं देऊं नये. त्यास कुशीवर वळवून तत्काळ रुग्णालयांत न्यावें.