बाजेपाशीच्या मजुरीचा हिशेब



कापसाच्या भावावर बोलायला आपण जमलो आहोत, ते बोलूच. त्याआधी आतल्या खोलीतली बाज आठवून पाहा. लकव्याने पडलेला सासरा, कुणाची ओळख न राहिलेली आजी, चालता न येणारा तरणा मुलगा. सभेला ज्या गावात जातो तिथे अशी एक तरी बाज आम्हाला दिसते.

तिच्यापाशी कोण असते? बहुतेक सून, नाही तर बायको. पहाटे उठून अंग पुसायचे, हगणेमुतणे काढायचे, दुधात भाकरी कुस्करून भरवायची आणि मग निंदणाला जायचे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या, घरच्यांची काळजी घेणाऱ्या बायकांचे दिवसाला १४० मिनिटे त्यात जातात, पुरुषांची ७४. यात लहान मुले सांभाळणेही आले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे १४० मिनिटांत भागते का, हे त्या सुनेलाच विचारा.

शेतात राबणाऱ्या घरच्या माणसांची मजुरी कृषिमूल्य आयोग निदान कागदावर तरी धरतो. बाजेपाशीची मजुरी कुठल्याच वहीत नाही. ऐन वेचणीत ती बाई घरी अडकली आणि किलोमागे पैसे मोजून मजूर लावावा लागला, की मग तिच्या कामाची किंमत घराला कळते.

सरकारचे म्हणाल तर संजय गांधी निराधार योजनेचे पैसे दुखणाईताच्या नावे येतात, सेवा करणारीच्या नावे काही नाही. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात, कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या अपंगांसाठी काळजीवाहकाचा भत्ता लिहिलेला आहे. पण सरकारच्या ऐपतीप्रमाणे, हे दावे गळ्यात बांधून. केरळने मात्र २०१० साली 'आश्वासकिरणम्' योजना काढून सेवा करणाऱ्यालाच महिन्याची मदत देऊ केली. पुढे ती ६०० रुपयांपर्यंत गेली. रक्कम तुटपुंजी आहे, पण तिचे काम कामात धरले गेले.

तोवर आपल्या हातात काय आहे? अपंगत्वाचा दाखला जिल्हा रुग्णालयातून काढा. दाखला ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर जास्त आधाराची गरज असल्याचा अर्ज वेगळा करता येतो, तो करा. दुखणाईताला दर दोन तासांनी कूस बदलून द्या, नाही तर पाठीला जखमा होतात. लकव्याच्या माणसाला काखेत हात घालून ओढू नका, लुळा खांदा निखळतो. अंगाखाली जाड चादर घाला आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवा. एकट्या बाईने रोज उचलले तर तिचीच कंबर जाते आणि घरात दुसरी बाज पडते.

आणि वाटणीचे काय? शहरातला भाऊ दिवाळीला येतो, बापाच्या पायाशी बसून रडतो, वाटणीच्या वेळी मात्र बरोबरीने उभा राहतो. त्याने दरमहा पैसे पाठवावेत, नाही तर वेचणीचे पंधरा दिवस येऊन बाज सांभाळावी. गावातल्या पुरुषांनाही हे सांगतो : आपल्या बापाचे अंग पुसायला लाज कसली?

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावातून अशा घरांची यादी आणा. दुखणाईताचे नाव लिहा आणि त्याच ओळीत सेवा करणारीचेही लिहा. तहसीलवर अर्ज आपण मिळून नेऊ.