काट्याची पावती आणि पायथॉन

पायथॉन ही संगणकाची भाषा शिकायला घेतली की पहिल्याच आठवड्यात 'डेटा टाइप' हा शब्द कानावर पडतो आणि बरेच जण तिथेच कंटाळतात. पुस्तकातली उदाहरणं बहुधा सफरचंदांची नाहीतर डॉलरची असतात. आपल्या पिंपळी गावच्या पोरांना त्याहून सोपं उदाहरण घरातच सापडेल. भवानीनगरचा छत्रपती साखर कारखाना असो की माळेगावचा, ऊस कारखान्याला गेला की वजनकाट्याची पावती हातात येते. आज तीच समोर घेऊ.

पावतीवर नाव असतं, गाडीचा नंबर असतो, उसाची जात असते आणि वजनं असतात. पायथॉन अशा माहितीचे मुख्यतः चार प्रकार करतो. मजकूर म्हणजे स्ट्रिंग, तो अवतरणचिन्हांत लिहायचा. पूर्ण संख्या म्हणजे इंट. दशांशाची संख्या म्हणजे फ्लोट. आणि हो किंवा नाही एवढंच उत्तर असेल, म्हणजे 'पैसे जमा झाले का?', तर तो बूल. त्याला ट्रू आणि फॉल्स ही दोनच मूल्यं.

आता गंमत बघा. उसाची जात को ८६०३२. यात आकडे आहेत, मग ही संख्या का? नाही. को म्हणजे कोइमतूर, ८६ हे साल. तिच्यात दुसरी जात मिळवून काही हाती लागत नाही. गाडीच्या नंबरातल्या एमएच ४२ चंही तसंच. बँकेचा खाते क्रमांक तर नुसत्या आकड्यांचाच असतो, पण त्याच्या सुरुवातीला शून्य असेल आणि तुम्ही त्याचा इंट केलात, तर ते शून्य उडून जाईल. म्हणून प्रत्येक आकड्याला आधी विचारायचं: याची बेरीज-वजाबाकी करण्यात अर्थ आहे का? नसेल तर तो मजकूर समजा.

आता वजनं. भरलेली गाडी २६७८० किलो, रिकामी ८४३५. दोन्ही इंट. वजाबाकी १८३४५, तीही इंट. टन काढायला हजाराने भागा, उत्तर १८.३४५, हा फ्लोट झाला. पायथॉनमध्ये एका तिरक्या रेघेने भागलं की उत्तर कायम फ्लोट येतं. १८००० ला हजाराने भागलंत तरी पडद्यावर १८.० दिसेल.

नवशिका हमखास अडकतो तो पुढच्या पायरीवर. वापरणाऱ्याकडून माहिती घेणारी इनपुट ही आज्ञा जे देते ते नेहमी स्ट्रिंगच असतं. दोन खेपांची वजनं १८ आणि १७ टन टाईप केली आणि तशीच अधिक चिन्हाने जोडली, तर उत्तर ३५ येत नाही, १८१७ येतं! संगणकाने दोन मजकूर शेजारी शेजारी चिकटवले. कुठे एररही येत नाही, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही. उपाय सोपा: इंट किंवा फ्लोट लिहून कंसात ती माहिती द्यायची. देवनागरी आकडे टाईप केले तरी इंट ते बिनचूक ओळखतो.

शेवटी उत्तर छापायचं. त्यासाठीची आज्ञा प्रिंट. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के साखर उताऱ्यासाठी क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी (उसाचा किमान दर) ठरवली, म्हणजे टनाला ३५५०. तोडणी-वाहतूक बाजूला ठेवली तर आपल्या खेपेचे ६५१२४ रुपये ७५ पैसे होतात. प्रिंटमध्ये 'एकूण रुपये' हा मजकूर आणि ही रक्कम यांच्यात अधिक चिन्ह टाकलंत तर पायथॉन टाइप-एरर देऊन थांबतो, कारण मजकूर आणि संख्या तो आपण होऊन मिसळत नाही. मध्ये स्वल्पविराम द्या, दोन्ही एका ओळीत नीट छापले जातात.

आता गृहपाठ. मोबाईलच्या ब्राउझरमध्येही पायथॉन चालतो, तेव्हा सबब नको. आपल्या घरातली एक पावती घ्या, प्रत्येक रकान्याचा प्रकार वहीत लिहा, मग निव्वळ टन आणि रक्कम छापणारा प्रोग्राम लिहा. तो जमला की लांबी मोजणाऱ्या लेन या आज्ञेला अवतरणचिन्हांत 'पिंपळी' द्या. आपल्याला अक्षरं तीन दिसतात, उत्तर सहा येईल. वेलांट्या आणि अनुस्वार पायथॉन वेगळे मोजतो.