उभी राहिलेली गाडी आणि बुजलेलं भोक



घरचा माणूस कामाला शहरात गेला, की दाराशी त्याची जुनी मोटारसायकल महिना-दोन महिने तशीच उभी राहते. मग एखाद्या दिवशी डेअरीवर दूध पोचवायचं असतं, नाहीतर रात्री लेकराला ताप भरतो. आपण किक मारून दमतो, पण गाडी काही सुरू होत नाही. "जुनी झाली, भंगारात घाला," असं कुणीतरी सुचवतंच. पण पुष्कळदा इंजिन ठणठणीत असतं, फक्त कार्बोरेटरमधलं एक बारीक भोक बुजलेलं असतं.

पेट्रोल आणि हवा योग्य मापात मिसळून इंजिनाला देणं हे कार्बोरेटरचं काम. त्याच्या तळाशी एक वाटी असते. पाण्याच्या टाकीत बॉल असतो ना, तसा या वाटीत फ्लोट असतो. वाटी भरली की तो वर येतो आणि पेट्रोल थांबवतो. वाटीतलं पेट्रोल पितळी जेटमधून वर ओढलं जातं. रॉकेलच्या स्टोव्हचं निपल आठवा, जेट तसाच असतो. गाडी उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं. त्यामुळे पाणी तळाशी साचतं.

चोक ओढल्यावर गाडी चालते आणि चोक बंद केला की मरते, तर बहुधा स्लो जेट बुजलेला असतो. कार्बोरेटरच्या नळीतून पेट्रोल टपकत असेल, तर फ्लोटची सुई नीट बसत नसते. पण आधी टाकीत पेट्रोल आहे का, प्लग काळा पडलाय का आणि एअर फिल्टर धुळीने भरलाय का, एवढं पाहून घ्या.

आता सफाई. गाडी मोकळ्या जागी घ्या. चूल, विडी, उदबत्ती काहीही जवळ नको. इंजिन थंड असू द्या. टाकीखालचा कॉक बंद करा. वाटीच्या बुडाचा स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी पाण्याचे थेंब किंवा गाळ दिसला, तर दुखणं सापडलं. ते पेट्रोल विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नका. स्क्रू आवळून कॉक उघडा, वाटी भरू द्या, मग किक मारा. कित्येकदा एवढ्यावरच काम होतं.

नाही झालं तर कार्बोरेटर सोडवून वाटी उघडावी लागते. हे पहिल्यांदा ओळखीच्या मेकॅनिकजवळ बसून शिका. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आत जाईपर्यंत हलक्या हाताने फिरवा आणि किती फेरे बसले ते लिहून ठेवा. परत बसवताना तेवढेच फेरे बाहेर सोडायचे. जेट काढून क्लीनरचा फवारा मारा, मग सायकलच्या पंपाने हवा द्या. उजेडासमोर धरल्यावर भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. रबरी भाग क्लीनरमध्ये भिजवू नका, ते फुगतात. डोळ्यांवर चष्मा लावा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. स्टोव्हला पिन मारतो तशी जेटमध्ये पिन किंवा तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. दुसरा कुणी तार घालताना दिसला, तर त्यालाही थांबवा.

एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक मोटारसायकलींमध्ये कार्बोरेटर नसतो, तिथे फ्युएल इंजेक्शन असतं. त्या गाड्यांना हा उपाय लागू नाही.

क्लीनरचा एक डबा अनेक गाड्यांना पुरतो. बचत गटाने तो आणि मापाचे स्क्रूड्रायव्हर मिळून घेतले, तर प्रत्येकीचा खर्च वाचेल.

आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे, गाडी पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. वाटी जवळजवळ रिकामी होते, मग भोक बुजण्याची शक्यता कमी होते. घरचा माणूस गावाला निघायच्या आदल्या दिवशी एवढं त्याच्याकडून करून घ्या, आणि कॉक कुठे आहे ते स्वतः हात लावून पाहून ठेवा.